बोट चौघांची, शब्द एकाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीच्या पुरवण्यांत हल्ली मित्रमंडळींनी खोल समुद्रात जाऊन गरवण्याच्या सहलींवर बरेच छापून येते. छायाचित्र ठरलेले असते: हातात मोठा मासा, मागे निळे पाणी, गळ्यात हात टाकलेली चौकडी. मजकुरात रॉड कोणता आणि आमिष कोणते एवढे सांगितलेले असते. ते चूक नाही, पण अशी सहल रॉडमुळे क्वचितच फसते. चौघांनी पैसे सारखे घातलेले असतात, म्हणून शब्दही चौघांचा सारखाच, हे मैत्रीत स्वाभाविक आहे. समुद्रावर नेमके तेच नडते. वळायचे कधी, किती मासे पुरे, कोण कुठे उभा राहणार, हे पाण्यात गेल्यावर ठरवायचे म्हटले तर प्रत्येक वेळी उत्तर एकच येते: अजून एकदा टाकून बघू. म्हणून हे पत्र जरा लांबवतो आहोत.

एक तांडेल, म्हणजे त्या दिवसापुरता बोटीचा म्होरक्या, नेमावा. बोट ज्याची तोच असला पाहिजे असे नाही, पण सुकाणू, इंधन आणि घड्याळ त्याच्याकडे असावे आणि त्याने त्या दिवशी स्वतःचा गळ टाकू नये. हा शेवटचा भाग कोणाला आवडत नाही. पण मासा लागल्यावर दोन हात रीलवर असलेल्या माणसाला मागून येणारी लाट दिसत नाही. पाळीपाळीने तांडेल व्हायचे असेल तर पाळी सहलीगणिक बदलावी, तासागणिक नको. दुसरा नियम असा: पुढे जायचे की नाही हे तांडेलाने ठरवावे, परत फिरायला मात्र कोणाही एकाचा शब्द पुरे. उलटीने बेजार झालेल्या मित्राला बहुमताने बसवून ठेवणे ही लोकशाही किनाऱ्यावरच शोभते.

वळायची वेळ आदल्या संध्याकाळी कागदावर लिहावी आणि ती शेवटाकडून मागे मोजत काढावी. समजा खाडीच्या मुखाशी ओहोटीचा जोर सुरू होण्याआधी, म्हणजे दुपारी ३ पर्यंत, पोचायचे आहे आणि गरवायची जागा १८ सागरी मैलांवर आहे. सकाळी सपाट पाण्यावर बोट १८ नॉटने तासाभरात तिथे गेली, म्हणून परतीलाही तासच धरायचा ही नेहमीची चूक. दुपारच्या लाटांत १० नॉट मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे १ तास ४८ मिनिटे. दोरे गुंडाळणे, सामान बांधणे आणि वाटेत एकदा थांबणे यासाठी अर्धा तास. वळायची वेळ झाली १२ वाजून ४० मिनिटे. त्या वेळी मासे तुटून पडत असले तरी १२:४० म्हणजे १२:४०. मुखावर भर ओहोटीत पोचू नये याचे कारण साधे आहे. बाहेर धावणारे पाणी आणि आत येणाऱ्या लाटा समोरासमोर भिडतात, लाटेची लांबी आखडते, उंची वाढते आणि ती उथळ पाण्यावर फुटू लागते. मागून आलेल्या अशा लाटेवर बोट घसरून आडवी झाली की पुढचे सगळे काही सेकंदांत होते. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हा प्रवाह सर्वांत जोरात असतो.

हवामानाचा अंदाज पाहताना लोक लाटेची उंची पाहतात आणि थांबतात. उंचीइतकाच तिचा कालावधी महत्त्वाचा. दीड मीटरची लाट १० सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात वरखाली होते. एक मीटरची ४ सेकंदांनी येत असेल तर छोट्या बोटीत उभे राहणेही कठीण. शिवाय अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दिवसभरात तिच्या जवळपास दुप्पट लाट एखादी तरी भेटणार हे धरून चालावे. वाऱ्याचेही तसेच: वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे १० नॉटचे २० झाले तर ‘जरा वाढला’ म्हणता येत नाही. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि किनाऱ्याजवळ लाट उठवायला त्याला अंतरच मिळत नाही. म्हणून धक्क्यावरून पाणी आरशासारखे दिसते आणि १० मैलांवर तेच खवळलेले सापडते. हा वारा वाढला तर परतीला तो तोंडावर. तो पडून दुपारी खारे वारे सुटले तर लाटा पाठीवर. दोन्हींत वेग कमी. आमच्या मते ८ मीटरच्या आतल्या बोटीने, नवखी मंडळी बरोबर असताना, १५ नॉटच्या वरच्या अंदाजात निघूच नये. हा आकडा आदल्या दिवशीच सगळ्यांनी मान्य केलेला असावा, कारण पहाटे चारला डबे भरून आलेल्या मित्रांसमोर ‘आज नको’ म्हणणे भल्याभल्यांना जमत नाही.

इंधनाची वाटणी जुनीच आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. १५० लिटरच्या टाकीत याचा अर्थ असा की ५० लिटर संपले की वळायचे, घड्याळात काहीही वाजले असले तरी. १०० अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावलेले इंजिन) पूर्ण वेगाने तासाला साधारण ३५ ते ४० लिटर पिते. पण हिशेब चुकतो तो ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे दोर ओढत गरवण्यात. ६ ते ८ नॉटने पाच तास फिरणे म्हणजे ३० ते ४० मैलांचा प्रवास, आणि तो कोणी जाण्यायेण्याच्या अंतरात धरत नाही. टाकीतले शेवटचे लिटरही मोजू नयेत. पाणी हलले की इंधन ओढणाऱ्या नळीत हवा जाते, तळाचा गाळ आणि पाणी ढवळून फिल्टरमध्ये अडकते आणि इंजिन बंद पडते ते बरोबर मुखाशी, लाटांत. पाणी वेगळे करणारा एक जादा फिल्टर आणि तो उघडायचा पाना बोटीत असावा. पाना घरी राहिलेला असण्याची शक्यता जास्त.

निघण्यापूर्वीच्या तपासणीवर फार लिहीत नाही, एक गोष्ट सोडून: तळाचे बूच. ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडताना पाणी निचरायचे हे बूच लावायला विसरणे ही हसण्यावारी नेली जाणारी चूक आहे. २५ मिलिमीटरचे भोक पाण्याखाली ३० सेंटिमीटर असेल तर मिनिटाला ४० लिटरच्या आसपास पाणी आत येते. पाच मिनिटांत २०० लिटर, म्हणजे तीन माणसांचे वजन, आणि तेही हलते वजन. बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते पाणी धावते. हे बूच बसवायचे काम एकाच्या नावावर असावे आणि त्याने ‘लावले’ असे मोठ्याने म्हणावे.

आता प्रत्यक्ष गरवण्याकडे वळू, कारण दिवसातला अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो आणि तो गुंता टाळता येतो. बोट वाऱ्याबरोबर वाहत असताना सगळ्यांनी वारा येतो त्याच बाजूला उभे राहून दोरा सोडावा. बोट वाऱ्याबरोबर सरकत राहते आणि दोरे तिच्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात राहतात. दुसऱ्या बाजूने टाकलेला दोरा बोटीखालून जातो, तळाला घासतो आणि इंजिनाच्या पंख्यात अडकतो. पाण्याचा प्रवाह वाऱ्याविरुद्ध जोरदार असेल तर हे उलटते, म्हणून आधी एकच दोरा सोडून पाहावा. गरवणारे सगळे एका बाजूला आले की बोट कलते. तेव्हा बर्फाची पेटी आणि पाण्याचे कॅन आधीच दुसऱ्या बाजूला सरकवून ठेवावेत. आणि सर्वांचे शिसे सारख्या वजनाचे असावे. एकाने १५० ग्रॅम आणि शेजाऱ्याने ३०० ग्रॅम लावले तर एकाचा दोरा तिरका, दुसऱ्याचा सरळ. ६० मीटर खाली ते एकमेकांना छेदणारच. ६० मीटरला मंद प्रवाहात १५० ते २०० ग्रॅम पुरते, प्रवाह वाढला की ३०० लागते. वाढवायचे तर सर्वांनी एकदम.

ड्रॅगचा, म्हणजे दोरा किती ताणाला सुटावा या रीलवरच्या बसवणीचा, घोटाळा नवख्यांत सार्वत्रिक आहे. तो दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणजे १५ किलोच्या दोऱ्याला ४ ते ५ किलो, आणि तोही हाताच्या अंदाजाने नव्हे तर ताणकाट्याने, रॉड वाकवून मोजावा. पुढची गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते. मासा दोरा घेऊन पळाला आणि स्पूलवरचा (दोरा गुंडाळलेल्या चकरीवरचा) व्यास निम्मा राहिला की तीच बसवणी दुप्पट ताणाला सुटते. ४ किलोचे ८ किलो होतात, वर पाण्यात पसरलेल्या दोऱ्याचे घर्षण वेगळे. म्हणजे मासा लांब गेल्यावर ड्रॅग सैल करायचा असतो. मित्र मात्र बाजूने ‘आवळ, आवळ’ ओरडत असतात, आणि दोरा गाठीजवळ तुटतो. दोष मग दुकानदाराच्या माथी.

सर्कल हुकलाही, म्हणजे टोक आत वळलेल्या गोल गळालाही, मित्रांचाच सल्ला मारक ठरतो. हा गळ झटका मारण्यासाठी बनलेलाच नाही. मासा आमिष घेऊन फिरला, दोरा ताणला की नुसते सावकाश गुंडाळायचे. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. गुण असा की मासा गळ पोटात गिळत नाही, त्यामुळे सोडायचा असेल तर जगण्याची शक्यता वाढते. सुरमईसारख्या धारदार दातांच्या माशासाठी पुढे ३० ते ४० सेंटिमीटर तार लागते. कुपा (ट्यूना) डोळस, त्याला तार दिसली तर तो वळतो, तिथे जाड मोनोफिलामेंटचा (एकपदरी नायलॉनचा) लीडर, म्हणजे गळाजवळचा तुकडा, बरा. ब्रेडेड लाइन (विणलेला दोरा) कधीही हाताला गुंडाळून ओढू नये, हातमोजा असला तरी. ती ताणत नाही, कापते.

मासा लागला की ओरडायचे, बाकीच्यांनी आपापले दोरे वर घ्यायचे, आणि तांडेलाने मासा बोटीच्या मागच्या कोपऱ्याकडे ठेवायचा, थेट मागे नाही, कारण तिथे पंखा आहे. गॅफ, म्हणजे मासा आत ओढायचा आकडा, एकाच्याच हातात. तो दोऱ्याच्या पुढून फिरवू नये, घाव डोक्याजवळ किंवा खांद्यावर, आणि मासा आत आला की सरळ पेटीत. जिवंत कुपा डेकवर नाचत असताना त्याच्या तोंडातला तीनकाट्यांचा गळ कोणाच्याही पोटरीत बसू शकतो. गळाच्या टोकामागचे उलटे काटे आधीच पकडीने दाबून सपाट केलेले असले तर तो जसा गेला तसा निघतो. नसतील तर गळ तोडण्याइतकी मोठी कटर-पकड हवी. दागिने बनवायच्या पकडीने जाड गळ तुटत नाही. डोळ्याजवळचा गळ बोटीत काढायचा प्रयत्नच करू नये. विषारी काट्याच्या माशाने टोचले तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावी. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. म्हणून चहाखेरीज गरम पाण्याचा एक थर्मास वेगळा असावा. तापमान दुसऱ्याच्या हाताने तपासावे, टोचलेल्या माणसाला वेदनेपुढे भाजल्याचे कळत नाही.

किती मासे घ्यायचे हे गळाने ठरवू नये, बर्फाने ठरवावे. हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गणिताने पाहिले तर १ किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला ३०० ते ३५० ग्रॅम बर्फ पुरतो. पण पेटीची भिंत, दर दहा मिनिटांनी उघडले जाणारे झाकण आणि आत कोंबलेल्या शीतपेयांच्या बाटल्या उरलेला खातात. म्हणून १ किलो माशाला २ किलो बर्फ धरावा. ४० किलो बर्फ नेला असेल तर २० किलो मासे झाले की गळ वर, मोजणी बंद. पेये दुसऱ्या पेटीत. बर्फ फोडलेला असावा आणि त्यात निम्म्या वजनाने समुद्राचे पाणी घालावे: ४० किलोला २० लिटर. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा असते आणि ती उष्णता नीट वाहून नेत नाही. हा खारट चिखल माशाला सगळीकडून चिकटतो आणि शून्याच्या किंचित खालीही उतरतो. एवढ्यासाठी १०० ते १२० लिटरची पेटी लागते.

हे सगळे कशासाठी, तर केवळ चवीसाठी नाही. कुपा, बांगडा, सुरमई या जातींच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उन्हात पडून राहिला की जिवाणू त्याचे हिस्टॅमिन करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टॅमिन शिजवून, तळून किंवा गोठवूनही जात नाही. चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर गांधी उठणे, जुलाब. लोक याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात. वासावरूनही ओळखता येईलच असे नाही. कुप्याला तर जास्त जपावे लागते, कारण त्याचे स्नायू आसपासच्या पाण्यापेक्षा गरम असतात आणि दोऱ्याशी झुंजताना आणखी तापतात. आत घेतल्याबरोबर डोक्यात घाव घालून मारावा, कल्ल्याजवळ शीर कापून रक्त वाहू द्यावे, आतडी काढावीत आणि मग चिखलात. छायाचित्र त्यानंतर, किंवा त्याआधी एकच. प्रत्येकाने पाळीपाळीने मासा हातात धरून काढलेली वीस छायाचित्रे म्हणजे कडक उन्हातली वीस मिनिटे.

आणि बर्फाची मर्यादा गाठल्यावर ‘आता नुसते पकडू आणि सोडू’ हा विचार तळाच्या माशांबाबत बहुधा स्वतःची समजूत घालणे असते. ३० मीटरवर दाब वातावरणाच्या चौपट असतो. तिथून वर आणलेल्या हेकरूच्या किंवा तांबोशीच्या वाताशयातली, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या फुग्यातली, हवा चौपट फुगते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर पडते, मासा उलटा तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या किंवा मोरीच्या (शार्कच्या) तोंडी जातो. बाहेर आलेली ती पिशवी सुईने टोचू नये. तो वाताशय नसतो, जठर असते. मासा परत खाली नेण्यासाठी वजन लावलेला उलटा, बिनकाट्याचा गळ खालच्या जबड्यात अडकवून, तो पकडला तितक्या खोलीकडे सोडावा आणि झटका देऊन मोकळा करावा. हवा पुन्हा दबते, तो पोहून जातो. हे साधन आणि ते वापरायचा धीर नसेल तर जागा बदलावी, वर येऊन ट्रोलिंग करावे, किंवा सरळ घरी निघावे. कमीत कमी लांबीचे आणि बंदीच्या काळाचे स्थानिक नियम तर पाळायचेच.

एक गैरसमज मोठ्या जहाजांबाबतचा. ‘आम्ही मासेमारी करतोय, त्याने वाट द्यावी’ असे हौशी लोक मानतात. समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मासेमारीत गुंतलेले जहाज म्हणजे ज्याच्या जाळ्यांमुळे वा दोरांमुळे हालचालीवर बंधन येते ते. ट्रोलिंगचे दोर त्यातून स्पष्ट वगळलेले आहेत. म्हणजे मागे चार दोर सोडलेली आपली बोट ही साधी यांत्रिक बोटच. त्यात मोठ्या जहाजाच्या सुकाण्यावरून नाळेपुढचे, म्हणजे पुढच्या टोकासमोरचे, पाणी शेकडो मीटरपर्यंत दिसतच नाही. तेव्हा हक्काची चर्चा सोडून बाजूला व्हावे, आणि तेही लवकर. नांगराबद्दलही एकच वाक्य: तो नाळेकडूनच टाकावा, मागच्या बाजूला कधीही बांधू नये, कारण तिथे इंजिनाचे वजन असते, काठ खुजा असतो आणि दोर ताणला की लाट सरळ आत येते.

जीवरक्षक जॅकेट बाकाखाली ठेवायची वस्तू नव्हे, अंगात घालायची आहे; खोल पाण्यासाठी १५० न्यूटन तरंगशक्तीचे, मांड्यांतून पट्टा घेतलेले. इंजिन बंद करणारी दोरी तांडेलाच्या पायाला किंवा जॅकेटला. मोबाइलवर विसंबू नये. व्हीएचएफ (सागरी रेडिओ) संच असावा आणि तो वाहिनी १६ वर ऐकत ठेवावा, शिवाय तो वापरायला तांडेलाखेरीज आणखी एकाला यावा, कारण पाण्यात पडलेला माणूस तांडेलही असू शकतो. ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, बोटीचे नाव तीनदा, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, काय झाले, कसली मदत हवी, किती माणसे. हा क्रम संचाजवळ चिकटवून ठेवावा. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा नाही. ती झोप आणते, म्हणून तांडेलाने कोणती घ्यावी हे डॉक्टरला विचारावे. मद्य परतल्यावर. त्यावर चर्चा नको.

आमची आपणाला विनंती एवढीच की अशा सहलींवरच्या मजकुराशेजारी एक छोटी चौकट छापावी. तीत पाच रिकाम्या ओळी असाव्यात: तांडेल कोण, वाऱ्याची मर्यादा किती नॉट, वळायची वेळ, वळायचे लिटर, बर्फ किती किलो. वाचकाने ती कापून, भरून, एक प्रत किनाऱ्यावरच्या माणसाकडे द्यावी. कागदाच्या मागच्या बाजूला कुठली जागा, कोणत्या रंगाची बोट, किती माणसे आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तटरक्षकांना कळवायचे हे लिहावे. ती शेवटची वेळ वळायच्या वेळेनंतर चार-पाच तासांची असू द्यावी, मध्यरात्रीची नको. उजेडात शोध सोपा असतो. आणि परत आल्यावर बोट धुण्याआधी, मासे वाटण्याआधी, त्या माणसाला फोन करावा. मंडळी खुशाल घरी झोपलेली असताना समुद्रावर त्यांचा शोध सुरू होतो, तो बहुतेक वेळा हा एक फोन राहिल्यामुळे.

आपले,
गळ टाकणारे काही वाचक